समूळ बंदोबस्त

आमच्या सोसायटीत मराठी बोलणारे पुष्कळ आहेत, समजणारे त्याहून जास्त, पण पालिकेला अर्ज लिहायची वेळ आली की सगळे माझ्या दाराची बेल वाजवतात. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन भाईंदर पश्चिमेच्या या घरात जरा टेकले नाही, तोच गटाराच्या झाकणापासून भटक्या कुत्र्यांपर्यंतचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. आमचे चेअरमन गुजराती. त्यांचं मराठी भाजी घेण्यापुरतं झकास आहे. "मॅडम, आप लिखो, आपके मराठी में वजन है," असं ते म्हणतात आणि मी, खोटं कशाला बोलू, दर वेळी विरघळते.

हे वजन मी मुद्दाम घालते. 'गेटपाशी पाणी साचते' असं साधं लिहिलं तर कोणी ढुंकून बघत नाही. 'साचलेल्या पाण्यामुळे नागरिकांच्या आरोग्यास गंभीर धोका निर्माण झाला आहे' असं लिहिलं की निदान एक माणूस येऊन, पँट वर करून, पाणी बघून जातो. ऑफिसला तक्रार ऐकू येत नाही, भीती ऐकू येते, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या अर्जातच कळलं. तेव्हापासून मी घाबरवण्यात तरबेज झाले. कुत्र्यांवरच्या माझ्या अर्जात जी हिंस्र टोळी आहे ती मी स्वतः कधी पाहिलेली नाही. गेटवर वॉचमनच्या चपलेवर डोकं ठेवून झोपतात ती कुत्री वेगळी असावीत.

त्याच गेटच्या डाव्या हाताला एक रेन ट्री होतं. चांगलं छत्रीसारखं पसरलेलं, सोसायटीपेक्षा वयानं मोठं. त्याच्या सावलीत उत्तनची मावशी मासळी घेऊन बसायची. दहाच्या सुमारास बसमधून उतरायची, पाटी टेकवायची, फळकुट मांडायची आणि दीडपर्यंत बसायची. माझी तिची ओळख बारा-तेरा वर्षांची, आणि त्यातली निम्मी वर्षं तिनं माझ्या डोळ्यांची चेष्टा करण्यात घालवली असतील. मला चष्म्याशिवाय हातभरावरचं काही दिसत नाही आणि चष्मा मी हमखास वर विसरते. एकदा मांदेली म्हणून मी भलतंच काही निवडून बाजूला काढत होते. मावशी शांतपणे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "बाय, चष्मा न्हाय आनलास ना? मंग डोल्यान बघू नको, बोटान बघ." तेव्हापासून ती माझं बोट धरून माशावर टेकवते. ताजा मासा बोटाला कसा लागतो ते मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला वादळी वाऱ्याचा इशारा आला. सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम. मावशी आदल्या दिवशीपासूनच आली नव्हती. "वारा फिरलाय, दोन दिस न्हाय येनार," असं मला सांगून गेली होती. घरची होडी वर ओढून ठेवायची होती, सुकत घातलेले बोंबील उचलायचे होते. हल्ली मे महिन्यातही पावसाचा भरवसा राहिलेला नाही, बोंबील अर्धे वाळतात तोच भिजतात, असं ती दोन-तीन वर्षं सांगत होती. मी मान डोलवायचे आणि सुरमई कशी दिली ते विचारायचे. आमच्या सोसायटीत इशारा वाचून लोकांनी काय केलं, तर मोबाइल घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. वाऱ्याचा व्हिडिओ काढायला.

त्यामुळे फांदी पडली तेव्हा ती नऊ वेगवेगळ्या बाजूंनी पडली. खाली चेअरमनांची गाडी होती. बॉनेटला वाटीएवढा पोचा आला. माणूस सोडा, मांजरालाही खरचटलं नाही. पण संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर झाडं पडण्याचे इतके व्हिडिओ आले की विचारू नका. एकात तर रस्त्यावरची पाटी आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत होती. त्याखालीही कोणीतरी लिहिलं होतं, "अपने गेट का पेड भी ऐसा ही है."

समोरच्या जुन्या इमारतीवर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागून इतकी वर्षं झाली आहेत की नोटीसच आता धोकादायक झाली आहे, वाऱ्यानं कधी सुटून डोक्यात पडेल सांगता येत नाही. तिथे तळमजल्यावर मुलांचे क्लास चालतात. त्या इमारतीला कोणी घाबरत नाही, कारण ती कोणी पडताना पाहिलेली नाही. झाडाची फांदी मात्र सगळ्यांनी पाहिली होती, आणि पुन्हा पुन्हा, मोठी करून.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मागणी साधी होती. गाड्यांवर आलेल्या फांद्या छाटाव्यात. तेवढंच. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही. सकाळी चहा होईपर्यंत अर्ज लिहून मोकळी झाले. 'सदर वृक्ष अत्यंत धोकादायक झाला असून त्यामुळे जीवितहानी होण्याची दाट शक्यता आहे. तरी आपण या धोक्याचा समूळ बंदोबस्त करावा, ही नम्र विनंती.'

'समूळ' हा माझा लाडका शब्द. अनिष्ट प्रथांचे समूळ उच्चाटन, अज्ञानाचा समूळ नाश. एकतीस वर्षं मी तो फळ्यावर लिहिला आणि मुलांनी निबंधात उतरवला. वाक्याच्या शेवटाकडे तो आला की कसं वाक्य पाय रोवून उभं राहतं. मी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. जमलेल्यांपैकी निम्म्यांना तो कळला नाही, पण सगळ्यांना आवडला. "मॅडम ने तो पेड को ही डरा दिया," चेअरमन म्हणाले. मी नको नको म्हणत खूश झाले.

तीन आठवड्यांनी झाडावर नोटीस लागली. दूध घेऊन येताना, चष्मा नाकावर होता म्हणून, मी ती वाचली. झाड तोडण्याचं ठरलं होतं, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. कारण म्हणून माझंच वाक्य उचलून टाकलं होतं, काना-मात्रेचा फरक न करता. मुलाच्या वहीत आपलंच वाक्य सापडावं तसं क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग 'समूळ' पाशी आले आणि हातातली दुधाची पिशवी जड झाली.

दहा वाजता पिशवी तेवढी घेऊन मासळीला खाली उतरले. मावशीनं विचारलं, "बाय, या झारावर काय लिवलंय? सकालपासून लोकं वाचतान आन मना कोन सांगत न्हाय."

मी नोटिशीकडे तोंड केलं आणि वाचून दाखवलं. सदर वृक्ष अत्यंत धोकादायक झाला असून. दाट शक्यता. समूळ बंदोबस्त. मग सोप्या मराठीत सांगितलं, झाड तोडणार आहेत.

तिनं वर बघितलं. घाबरून नव्हे, घरातलं माणूस कुठे निघालंय ते बघावं तसं. "कुनी लिवलं?"

"सोसायटीनं."

"सोसायटी म्हंजे कोन?"

"सगळेच," मी म्हणाले.

"हूं," म्हणाली आणि पापलेटं उलटी करून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "झार परल तं आवाज येल. मी उठून पलन. उनाला आवाज न्हाय येत, बाय." मी पापलेट घेतलं, पैसे दिले आणि वर आले.

मग मी हरकत घेतली. माझ्याच अर्जाला. वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याच्या टेबलावर एक कारकून बसतात, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि बोलणं इतकं सौम्य की रागावताच येत नाही. त्यांनी माझी हरकत वाचली, मग फाइल काढून आधीचा अर्ज शेजारी ठेवला.

"मॅडम, अक्षर एकच आहे."

"मीच लिहिलाय तो. म्हणून तर सांगतेय, मला छाटणी म्हणायचं होतं."

"पण तुम्ही समूळ लिहिलंय. समूळ म्हणजे मुळासकट ना?"

"तसं नाही हो, ते वाक्यात जोर यावा म्हणून असतं."

"आला ना जोर," ते म्हणाले. चेष्टा करत होते की सहानुभूतीनं बोलत होते, अजून ठरवता आलेलं नाही. "हे बघा, तुम्ही जीवितहानी लिहिलंय. आता हे झाड राहू द्या असं लिहून सही कोण करणार? उद्या खरंच फांदी पडली तर हा कागद त्याच्या गळ्यात. तुमच्या हरकतीत काय आहे, तर सावली जाईल. सावली गेली म्हणून आजवर एक तक्रार आमच्याकडे नाही. फांदीच्या बघा किती आहेत." त्यांनी फाइल उचलून दाखवली. खरंच जाड होती. "ज्याची तक्रार जास्त, त्याचं काम आधी. नियम म्हणा, रीत म्हणा."

मी म्हणाले, "उन्हात बसणारी माणसं अर्ज करत नाहीत."

"मग आम्हाला कळणार कसं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं ते परतीच्या रिक्षात, नेहमीसारखं.

झाड पावसाआधी गेलं. समूळ. खड्डा भरून वर पेव्हर ब्लॉक बसवले, तेही इतके सरळ की आमच्या भागात इतकं नेटकं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मावशी त्याच जागी ब्लॉकवर बसू लागली, डोक्यावर काळी छत्री, छत्रीचा दांडा मानेत धरलेला, कारण दोन्ही हात मासे कापण्यात. पावसाळाभर मी स्वतःला सांगितलं की चाललंय की तिचं.

मग यंदाचा मार्च आला. मार्चमध्येच एप्रिल आला म्हणा. चेअरमनांची गाडी, जिला आम्ही फांदीपासून वाचवलं होतं, ती आता दुपारी हात लावू देईना. स्टिअरिंगवर ओला नॅपकिन टाकून ते गाडी चालवायचे. "मॅडम, इस साल कुछ ज्यादा ही है," असं मला लिफ्टमध्ये सांगायचे, जणू ऊन बाहेरगावाहून आलंय आणि आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. ग्रुपवर उन्हाचा व्हिडिओ मात्र कोणी टाकला नाही. उन्हाचा व्हिडिओ काढणार तरी कसा, त्यात नुसता रिकामा रस्ता दिसतो.

पालिकेनं उष्णतेसाठी आराखडा केला असावा, कारण एके दिवशी आमच्या गेटजवळ खांबावर फलक लागला. 'दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडणे टाळा.' नेमका मावशीच्या डोक्यावर. या वेळी चष्मा नाकावर होता, मी नीट वाचून दाखवला. ती हसली. "मंग मासलीला सांग, घरी बस म्हनून."

एप्रिलच्या एका बुधवारी मी बोंबील घेत होते. तिनं माझं बोट धरलं आणि बोंबलाऐवजी फळकुटावर टेकवलं. मी म्हटलं, मावशी, कुठे लक्ष आहे. छत्री मानेतून सुटली आणि ती एका बाजूला कलली, सावकाश, काही आवाज न करता. मीच ओरडले. चेअरमन धावत आले, आणि हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं, की त्यांनी तिला उचलून आपल्या गाडीत घातलं, मासळीच्या वासाचा विचार न करता, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत एसी पुरता चालू ठेवला. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग तव्यासारखं तापलेलं. मला सारखं ते पेव्हर ब्लॉकचं नेटकं काम आठवत होतं.

सलाइन लावलं, संध्याकाळी घरी गेली, पाचव्या दिवशी परत गेटवर हजर. त्याच दिवशी आमची मीटिंग. चेअरमन अस्वस्थ होते. तिला स्वतः उचललं होतं ना त्यांनी, घाबरले होते खरोखर. "मॅडम, कल को उसको गेट पे कुछ हो गया तो? सोसायटी का नाम आएगा. एक अर्ज लिख दो, उसको कहीं और जगह दें. आपको तो मालूम है कैसे लिखना है. धोकादायक."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. मागच्या वर्षी फांदी दिसली म्हणून झाड गेलं. यंदा बाई पडलेली दिसली म्हणून बाई जाणार. बसायची जागा गेली की मावशीचं गिऱ्हाईक गेलं, बारा वर्षांचं. आणि अर्जाला वजन माझंच लागणार होतं. मला राग आला, आणि तो त्यांचा कमी आणि माझा जास्त होता.

"हा अर्ज मी लिहिणार नाही," मी म्हणाले. सभेत मी नाही म्हटल्याची ही पहिली वेळ. "लिहायचं तर मी वेगळं लिहीन. ती धोकादायक नाही, ती जागा धोकादायक आहे, सावली नाही म्हणून. झाड परत लावा आणि ते वाढेपर्यंत वर शेड घाला, असं."

चेअरमनांनी अगदी मनापासून विचारलं, "उसमें वजन आएगा?"

"आणते," मी म्हणाले. पण मनात आलं, या अर्जावर अर्जदार म्हणून सोसायटीचं नाव कशाला? उन्हात बसते ती, तर नाव तिचं हवं. त्या कारकुनांनी विचारलं होतं ना, आम्हाला कळणार कसं.

दुसऱ्या दिवशी कोरा कागद, पॅड आणि पेन घेऊन खाली गेले. मावशीला सगळं सांगितलं. अर्ज तुझा असेल, सही तू करायचीस, मी फक्त लिहून देईन. तिनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, सही येते. मग मला पुढचं बोलणं भाग होतं. "मावशी, एक सांगायचंय. मागच्या वर्षी झाडाचा तो अर्ज..."

"तू लिवलवतास," ती म्हणाली. "मना म्हाइत हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगल? तूच सांगलंस. नोटीस वाचून दाखवलीस ना मना, समदी, धडाधडा, येक अक्षर न चुकता." तिनं सुरीनं आपल्या नाकाच्या शेंड्याकडे खूण केली. "चष्मा कवा व्हता तुझ्या डोल्यावर?"

वर्षभर ती माझं बोट धरून मासे दाखवत होती, वर दोन बोंबील जास्त टाकत होती, छत्री मानेत धरून.

"काही बोलली का नाहीस?"

"काय बोलू? झार तं गेलावता." तिनं पाटी सरकवून फळकुटावर जागा केली, ओला हात फिरवून पुसली, आणि माझा कागद तिथे ठेवायला सांगितला. "बस. लिव आता," ती म्हणाली. "पन आदी वर जा न् चष्मा घेऊन ये."